हाताचं दुखणं सांगत मढपर्यंत

मी काशी-रामेश्वर केलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत, ती पण पावसाळा सोडून. माझा प्रवास बेल्हे, ओझर, ओतूर, मढ एवढाच. एसटीनं सरळ गेला तर माणूस सकाळी निघून दिवेलागणीला घरी जेवायला येईल. आम्हाला जवळजवळ आठवडा लागला, कारण बरीच वाट आम्ही पायी केली. सोबत माझी लेक शकू होती. शकूला छातीचा कॅन्सर झाला होता. हे वाक्य आता मी सरळ लिहून टाकलं. निघालो तेव्हा ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं, आणि त्यापायी तिच्या हाताचं जे झालं ते सांगायला बसलोय. ज्यांनी ही वाट बघितली नाही त्यांना वाटही कळेल.

घरून निघताना

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेला, घोड नदीच्या काठाला. शकू दिलेली नारायणगावच्या बाजूला. जावयाची टोमॅटोची शेती. पुण्याच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं, मग केमोच्या सलायनी झाल्या, मग लाईट दिली, रेडिएशन म्हणतात ती. केस गेले ते बोटभर परत आले. लाईट संपल्यावर ती माहेरी आली. माहेरी म्हणजे माझ्याकडं. तिची आई त्याच्या आदल्या साली पौषात गेली होती. दुपारी चुलीपुढं बसली आणि तिथंच कलंडली, दवाखान्याची गाडी दाराशी येईपर्यंत सगळं संपलं होतं. ती असती तर ही बायकांची बोलणी बायकांत झाली असती. आता घरात बाई नाही, आई पण मीच.

शेवटच्या खेपेला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं. रोज चालायचं, जिवाला ताण देऊन नाही, पण रोज. बसून राहिलात तर अंग धरेल. मग त्या छातीबद्दल आणि काखेबद्दल बोलायला लागल्या तसा मी उठलो आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. कोणता बाप बसला असता? पुढं त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. हे लक्षात ठेवा.

शकूचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. रोज सकाळी ती भिंतीकडं तोंड करून उभी राहायची आणि बोटं भिंतीवर चढवायची, मुंगी चढते तशी. खांद्याशी आली की बोटं थांबायची, ती ओठ दाबायची. मी विचारलं, कशाला एवढा जीव काढतीस. तर म्हणाली, "आबा, आमच्यात टोमॅटोची बांधणी डोक्यावरल्या तारंला असती. हात डोक्यावर गेला न्हाई तर त्या घरात मी पावणी हून ऱ्हाईन. सासूबाई आत्ताच ताट हातात आणून देत्यात." तिला ताट हातात नको होतं. तिला तार हवी होती.

भिंत घरात असते, पण चालायला बाहेर पडावं लागतं. आमच्या गावात बाई बिनकामाची चालत नाही. डोक्यावर हंडा, काखेत पाटी, नाहीतर कमरेला विळा, काहीतरी पाहिजे. रिकाम्या हातानं शकू सकाळी नदीपर्यंत गेली आणि परत आली, तर पारावरून दोघांनी विचारलं, शेरडू हरवलंय का. दुसऱ्या दिवशी, सासरी भांडून आलीय का. मला पारावर बसवेना. मी तिला म्हटलं, मळ्यात चाल, आत, कुणाला दिसणार नाही असं. ती वाफ्यांच्या कडेनं चालली, चिखलात घसरली, तिसऱ्या दिवशी अंथरुणावरच बसून राहिली.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. नातेवाइकांना आमच्यात समक्ष जाऊन सांगतात, पत्र टाकलं तर लोक नावं ठेवतात. शकूनंच काढलं, की मी येते, थोडं गाडीनं जाऊ, थोडं पायी. आईचं सांगायला निघालेल्या लेकीला कोण विचारणार का चालतेस? मला पटलं. निघताना मी तिला बजावलं, कुणी विचारलं तर तू बोलू नकोस, मी सांगेन पडलीस आणि हाताला मार लागला. ती पिशवीत टॉवेल कोंबत होती, कोंबत राहिली.

बेल्हे

बेल्ह्याला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. बैलांचा बाजार आमच्याकडंही भरतो, पण हा वेगळा. टेंपोतून उतरलेले बैल, मोटारसायकलवर आलेले दलाल, धुरळा एवढा की समोरची शिंगं दिसतात आणि बैल दिसत नाही. माझा मेहुणा दगडू तिथलाच. बायकोचा मोठा भाऊ. उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवण्यात त्याचं आयुष्य गेलं.

त्याच्या घरी मासवडी केली होती. आमच्याकडं मासवडीच्या सारणात खोबरं जास्त, यांच्याकडं तीळ आणि लसूण, आणि रस्सा असा की नाकातून पाणी यावं. बाजरीची भाकरी पातळ. शकू डाव्या हातानं कुस्करायला लागली तसं दगडूनं विचारलं, उजव्याला काय झालं. मी म्हटलं, "पडली. हाताला मार हाय."

"आन् मग इतके दिस घरी काय ठिवलं? बाजारात बाबा बसतोय. माणसाचं हाड बसवतोय, बैलाचंबी बसवतोय."

मी म्हटलं, नको, पुण्याचं औषध चालू आहे. दगडू हसला. पुण्याच्या डाक्टरला हाड काय कळतं म्हणाला, आणि पाणी प्यायला ग्लास उचलावा तेवढ्या सहज उठून पुढं चालायला लागला. माझ्या बायकोचा थोरला भाऊ. शकू मामाला नाही म्हणू शकत नव्हती, कारण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण मी आधीच सांगून बसलो होतो.

बाबा लिंबाखाली पोतं टाकून बसला होता. त्यानं मनगटापासून चाचपत दंडापर्यंत हात आणला, वर जायला लागला तशी शकू मागं सरकली. हाड तर शाबूत हाय, तो म्हणाला, मुका मार असंल. मग कोमट तेल जोरजोरात चोळलं, दंडाला बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून फडकं आवळलं. गुडघा टेकवून आवळलं. शकूनं माझ्याकडं बघितलं. मी एका खिलारी बैलाच्या खुरांकडं बघत होतो. चांगला बैल होता. त्याचा रंग, त्याचं वशिंड, सगळं मला अजून आठवतं. शकूचं तोंड कसं झालं होतं ते आठवत नाही, कारण मी बघितलंच नाही.

नारायणगाव ते ओझर

सकाळी आळेफाट्यावरून नारायणगावला आलो आणि तिथून ओझरला पायी निघालो. सासरकडं शकू वळली नाही, हात वर गेल्याशिवाय तिला तिथं जायचं नव्हतं. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षांचे मांडव. मी पुढं, शकू मागं. आमच्याकडं पुरुषानं पुढं चालायची रीत आहे, पण खरं सांगायचं तर मला रीतीचं काही नव्हतं. रस्त्यावरच्या माणसानं बघितलं तर ती माझ्या बरोबर आहे की नाही हे त्याला चटकन कळू नये एवढं अंतर मी राखलं होतं.

निम्म्या वाटेवर मागं बघितलं तर ती मैलाच्या दगडावर बसलेली. उजवा हात मांडीवर ठेवला होता. बोटं सुजून एकमेकांना टेकली होती आणि काचेच्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मी म्हटलं, बाबाचा गुण येतोय, सूज बाहेर पडतेय. हे मी म्हणालो.

"आबा," ती म्हणाली, "काखंतल्या गाठी काढल्यात. त्या हाताला घट्ट काय बांधायचं न्हाई, सुई टोचायची न्हाई, भाजून घ्यायचं न्हाई. बाईंनी धा बारी सांगितलं व्हतं."

"मला कुठं सांगितलं?"

"तुमी व्हरांड्यात व्हता."

मग काल का बोलली नाहीस म्हणून मी तिच्यावरच डाफरलो. ती म्हणाली, "मामापुढं तुमचा सबूद खाली पडला असता." आणि उठून उसाच्या आडोशाला गेली फडकं सोडायला. त्या भागात तेव्हा बिबट्याची बोंब होती, उसात एकट्यानं जाऊ नका असं सगळे सांगायचे. मी बांधावर पाठ करून उभा राहिलो, हातात काठी. लेकीला बिबट्यापासून राखायला मी चांगला होतो. बांगड्या निघेनात. दगडावर ठेचून फोडाव्या लागल्या. सवाष्ण बाईच्या बांगड्या बापानं रस्त्यात दगडानं फोडल्या. वाटेनं जाणारी एक म्हातारी थांबली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. तिला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

ओझरला नदीचं पाणी देवळाच्या मागं येऊन टेकलेलं. दगडी तट, दीपमाळा, नारळांचे ढीग. विघ्नहराचं देऊळ. लोक तिथं विघ्न घेऊन येतात, मी ते लेकीच्या गळ्यात घालून आणलं होतं. शकू दर्शन घेऊन तटाच्या भिंतीपाशी गेली आणि बोटं चढवायला लागली. सूज होती म्हणून बोटं जड पडत होती. घरी खांद्यापर्यंत जायची, तिथं खांद्याच्या खालीच थांबली. तिनं परत खालून सुरुवात केली. परत तिथंच. माणसं बघत होती, एकीला वाटलं ही नवसाची काही रीत असेल, तिनं पण भिंतीला हात लावून नमस्कार केला. मला हसू आलं नाही. तीन आठवड्यांत तिनं भिंतीवर जेवढं कमावलं होतं ते मी बेल्ह्यात एका दुपारी घालवलं होतं.

भक्तनिवासात ती हात उशीवर उंच ठेवून पडून राहिली. मुठी आवळत सोडत होती. असं केल्यानं पाणी खाली उतरतं म्हणाली. मी पण बसल्या बसल्या मूठ आवळत सोडत होतो, तेव्हा कळलं की मी ते करतोय.

ओतूर

सूज दुसऱ्या दिवशी अर्धी उतरली. ओतूरपर्यंत थोडं जीपनं गेलो, थोडं चाललो. आता ती पुढं आणि मी मागं होतो, कारण तिचा हात मला नजरेत ठेवायचा होता. म्हणून मला दिसलं की ती एक खांदा वर उचलून चालते आणि सारखा पदर पुढं ओढते. ब्लाउजमध्ये एका बाजूला जुन्या लुगड्याची चिंधी भरली होती, ती चालताना सरकायची. ओतूरच्या बाजारपेठेत तर ती अशी सरकली की शकू भर रस्त्यात दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली. जीपमधली दोन पोरं वळून बघायला लागली.

समोर मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं. मी आत शिरलो. गादीवर शेठ नव्हता, शेठाणी होती. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण तिचं मराठी आमच्यापेक्षा साफ. काय दाखवू, बाबा? मी म्हटलं, बाईमाणसाचं काहीतरी. साडी? नाही. खण? नाही. मग मी दाराकडं बघितलं. दारात शकू उभी होती, हात तसेच. शेठाणीनं तिच्याकडं एकदा बघितलं, गादीवरून उठली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. चहा पाठवते."

मी ओट्यावर दोन कप चहा प्यायलो. आत शिलाई मशीन चालल्याचा आवाज आला, आणि मध्येच दोघींचा हसण्याचा. शकू हसली होती. आई गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा दोन्ही खांदे सरळ होते. मलमलीच्या पिशवीत बाजरी भरून शिवून दिली होती. चिंधी हलकी पडते, वजन पाहिजे, नाहीतर पाठ वाकते असं शेठाणीनं तिला सांगितलं. शेठाणीच्या थोरल्या जाऊबाईंना हेच झालं होतं. हातात मोठ्या मापाच्या बांगड्या पण भरल्या होत्या, कुठून मागवल्या कोण जाणे. मी पैसे विचारले तर शेठाणी म्हणाली, कापडाचे द्या, बाजरी घरची आहे.

रस्त्यात शकूनं आपणहून सांगितलं, "आबा, तिनं काय विचारलंच न्हाई. बगून कळलं तिला." परक्या जातीच्या, परक्या मुलखाच्या बाईला दारातून कळलं. दगडू तिचा सख्खा मामा, ताटाला ताट लावून जेवला, त्याला मी कळू दिलं नाही.

मढ

मढ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचं, सखूचं गाव. कल्याणच्या गाडीनं निघालो आणि शकूच्या हट्टापायी अलीकडंच उतरून चालायला लागलो. आमच्याकडं नजर टाकाल तिकडं सपाट, इथं तिन्ही बाजूंना डोंगर, पश्चिमेला माळशेजचे कडे, खाली धरणाचं पाणी. हवा गार आणि भाताच्या पेंढ्याचा वास. आमच्याकडं बाजरी-कांदा, इथं सगळा भात. पाहुणा आला की आमच्यात तांब्याभर पाणी पुढं करतात, इथं आधी पायावर कढत पाणी घालतात. चालून आलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. शकू त्या दिवशी ताजीतवानी होती. चढ लागला तरी थांबली नाही. वाटेत करवंदीची जाळी दिसली की हात वर करून बघायची, कुठवर जातो.

पण बेल्ह्याच्या बाजाराला मढची माणसं बैल घेऊन येतात. दगडूचा निरोप आमच्या आधी पोचला होता. अंगणात बाज टाकलेली, तिच्यावर गोधडी, उशी. सखूनं दारातच शकूची पिशवी काढून घेतली. "हात हलवू नगंस गं बाय माझे." सखू बोलली की मला दचकायला होतं. आवाज अगदी तिच्या बहिणीचा. मी वर्षश्राद्धाचं सांगितलं, ती रडली, मी पण रडलो. मग शकूला बाजेवर बसवलं ते उठूच दिलं नाही. भाकर तोडून हातात, पाण्याचा तांब्या तोंडाशी. शकू म्हणाली, मावशी, मला जरा चालून येऊ दे. सखू म्हणाली, माझ्या दारात आलेली माहेरवाशीण हाय तू, आन् त्यात हात मोडल्याली. दोन दिवस ती त्या बाजेवर होती. भिंतीकडं गेली की कुणीतरी धरून आणायचं. माणसं प्रेमानं करत होती. शकू माझ्याकडं बघायची, मी सखूच्या नवऱ्याशी भाताच्या उताऱ्याचं बोलायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सखूची सासू चुलीपाशी बसली होती. पिकलेली म्हातारी, सगळं गाव आजी म्हणतं. बैलाचा खांदा सुजला, पोराचं पोट दुखलं, की डाग द्यायला लोक तिच्याकडं येतात. तापलेल्या लोखंडाचा चटका म्हणजे डाग. आमच्याकडंही देतात, माझ्या पोटावर लहानपणचे चार आहेत. चुलीत सळई घातलेली मला दिसली. मला वाटलं गोठ्यातल्या वासरासाठी असेल. तेवढ्यात आजी म्हणाली, "शके, हिकडं ये. खांद्यावर एक चटका देते. मंग बग हात कसा मोकळा हुतोय."

घरात सखू होती, तिचा नवरा होता, शेजारच्या दोघी बायका बघायला आलेल्या. शकू बाजेवरून उठली. तिनं आजीकडं बघितलं नाही. माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आबा, तुमी सांगता का मी सांगू?"

सळईचं टोक लाल झालं होतं. तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की म्हणावं, डाक्टरनं मना केलंय, आणि निभावून न्यावं. हे पण लिहून ठेवतो. लेकीचा हात जळायला निघाला होता आणि मी अजून पळवाट बघत होतो.

मग मी म्हटलं, "डाग न्हाई द्यायचा. हात मोडल्याला न्हाई. शकूला छातीचा कॅन्सर झाला व्हता. एक बाजू काढली. काखंतल्या गाठी काढल्या म्हणून हात आखडला. त्याला हालवायचा असतोय, बांधायचा नसतोय. मी खोटं सांगितलं."

सखूच्या नवऱ्यानं खुंटीवरची टोपी घेतली, बैलांना पाणी दाखवून येतो म्हणाला आणि गेला. मी त्याला ओळखलं. बेल्ह्यात खिलारी बैलाचे खूर बघत मी उभा होतो, तो हाच माणूस.

शेजारणी भिंतीला सरकल्या. आजीनं सळई बाहेर ओढून राखेत टाकली आणि विचारलं, "हिला शिवता येतंय का?"

"येतंय की आजी," शकू म्हणाली. "तसलं लागणारं नसतंय ते." तशी आजीनं तिला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, या बाबाला द्यायला पायजे चटका, जिभंला. शेजारणी हसल्या. शकू पण हसली.

सखू हसली नाही. पदर खोचून माझ्यापुढं आली. "दाजी, ताई मेली म्हणून मी मेली व्हय? माझ्या बहिणीच्या लेकीला एवढं झालं आन् मला हाताचं दुखणं सांगितलं?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

"कुणाची? तिनं काय चोरी केली?"

लाज आली ती खरी, पण कुणी काय केलं म्हणून आली? शकूनं काही केलं नव्हतं. लाजेसारखं जे केलं ते सगळं मी नंतर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर उफणणी होती. झोडलेला भात वाऱ्यावर धरून भूस उडवायचं काम. एक जण टोपली भरून देतो, दुसरी उंच धरून हळूहळू ओतते. आमच्या घरी बाजरी उफणताना भरून द्यायचो मी आणि वर धरायची शकूची आई. सखूनं बाज उचलून भिंतीला उभी केली आणि शकूच्या हातात एक लहानशी टोपली दिली. जमंल तेवढं वर धर, न्हाई जमलं तर टाक खाली, भात हाय, दूध न्हाई.

शकूनं खांद्यावरच्या टॉवेलाबरोबर ती बाजरीची पिशवी काढून खळ्याच्या कडेला दगडावर ठेवली. गरम होते म्हणाली. मी सवयीनं मान वळवली. मग मनात म्हटलं, आता कुठं बघतोस, बैल पण नाहीत इथं. आणि बघितलं. ब्लाउज एका बाजूला सपाट होतं. बस, एवढंच होतं. बाकी माझी शकू होती.

मी मूठ-मूठ भात टोपलीत घालून द्यायला लागलो. ती खांद्यापर्यंत न्यायची, ओतायची. वारा चांगला होता, भूस माझ्या अंगावर यायचं. थोड्या वेळानं टोपली माझ्यापुढं धरून ती म्हणाली, "आबा, भरून द्या. नुसतं तळ झाकल्यालं काय उफणायचं?" मी घाबरत अर्धी भरली. तिनं दोन्ही हातांनी उचलली. खांद्याशी थांबली, ओठ दाबले, आणि आणखी वर नेली. कानापर्यंत गेली. डोक्याच्या वर नाही. कानापर्यंत. भात सरळ खाली पडला.

तेवढ्यात सखू ओरडली. कोंबड्यांनी दगडावरची पिशवी फाडली होती आणि बाजरी टिपत होत्या. सखू त्यांच्या मागं धावली, रिकामी मलमल हातात घेऊन आली, आणि शकूकडं बघून असं तोंड केलं की शकू टोपली टाकून खाली बसली. दोघी पोट धरून हसत होत्या. आजी खळ्यावरून विचारत होती काय झालं, कुणी सांगेना. मला पण हसू आलं, पण मी आवाज केला नाही. तेवढा हक्क मला अजून आला नव्हता.

जाताना सखूनं दुसरी पिशवी शिवली, त्यात मढचा तांदूळ. एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मी पुढं नव्हतो, मागं नव्हतो.

घरी

वर्षश्राद्धाला सगळे आले. बेल्ह्याहून दगडू आला, त्यानं पंगतीत बसल्या बसल्या विचारलं, कसाय गं शके हात? शकू फळीवरून पत्रावळींचा गठ्ठा काढत होती. फळी तिच्या कपाळाएवढी उंच आहे, हात तिथवर जाऊन थरथरला, तरी तिनं दुसऱ्या हाताची मदत घेतली नाही. डोक्यावरची तार अजून लांब होती. उजव्या मनगटात शेठाणीच्या मोठ्या मापाच्या बांगड्या आहेत. डाव्यातल्या जुन्याच मापाच्या. ती सूज पुरती कधी उतरली नाही. मनगट तेवढं जाड राहिलं. तेवढं माझं.

मी आमटीची बादली घेऊन वाढत होतो. दगडूपुढं थांबलो. पंगतीत पन्नासएक माणसं, पारावरची पण होती.

"हात बरा हाय," मी म्हटलं. "कॅन्सर छातीला झाला व्हता, एक बाजू काढली. बेल्ह्यात मी तुमाला खोटं सांगितलं."

दगडूनं भात कालवायचा थांबवला. पंगतीत भुरके बंद झाले. चुलीपाशी जिथं शकूची आई कलंडली होती तिथं दिवा लावलेला होता, तिकडं मी बघितलं नाही, दगडूकडंच बघत राहिलो.

"आमटी वाढू का?" मी विचारलं.

त्यानं पत्रावळ थोडी पुढं सरकवली. मी वाढली आणि पुढच्या माणसाकडं गेलो.